बोहनीचं भांडन

शिवनटोला, ता. आरमोरी
बुधवार, ३ डिसेंबर २०२५

शहजादीले सुगंधाचा सलाम आनि रामराम, दोनी घे, जे जास्त झालं ते नूर मोहम्मदभाऊले दे.

सगळ्यात आधी आली ते शेजारच्या इसरूची बकरी. तिच्या मागं इसरू, "बकरी आली का वं वयनी" इचारत, जशी काही ते त्याले न सांगता बाहेरगावी गेली होती. आनि इसरूच्या मागं पाहाते तं काय, शाळेचे एकोनीस पोट्टे-पोट्ट्या, रांगेनं, हातात वह्या, आनि सगळ्यात मागं त्यायचे गुरुजी. मी अंगनात शिंगाडे उकडून राह्यली होती. हातातला झारा हातातच. मले वाटलं, आमच्या सोनूनं शाळेत काही फोडलं.

पाय, आधी बातमी सांगाले बसली, इचारलं काहीच नाई. तं आता इचारते. तुहे गुडघे कसे हायत? भाऊची साखर? तुह्या पोराचं, आकिबचं, राईस मिलमधलं काम बरं चाललं ना? मूल गावची हवा मानवली का आता, का अजून आरमोरी आठवते? आमी बरे हावोत. आमचे हे, तुहे खुशालभाऊ, बी बरे, त्यायचं बोलनं तेवढंच, दिवसाले तीन 'हूं' आनि एक 'आनलं का'. धान निंघालं, झोडनं झालं. बांधीत लाखोरी फुलाले लागली, निळी निळी, सकाळी दव पडलं का वाटते कोनी आभायाचे बारीक तुकडे करून पेरले. तलावावर तं असं धुकं असते का डोंगा जाते आनि पुसून गेल्यासारखा होते, मंग फक्त वल्ह्याचा आवाज. छप्प, छप्प. मी पाळीवर बसते आनि तेच ऐकते. कधी कधी काम राहून जाते.

हे सगळं फोनवर बी सांगता आलं असतं. सोनू म्हनते लावून देते. पन फोनवर तू "सलाम, सब खैरियत, आप कैसे हो" असं बोलतेस, तेल लावून चापून बसवलेल्या केसावानी, आनि ठेवून देतेस. सहा वर्षांत चार फोन झाले, चारई असेच. म्हनून चिठ्ठी. चिठ्ठीत तुले मले मधातच तोडता येत नाई. अक्षर वाईट हाय, पन तुले वाचता येईल, चवथीपर्यंत एका फट्ट्यावर बसून तूच तं माह्या पाटीवरून उतरवत होती.

हां, तं गुरुजी. मिथुन नाव त्यायचं, कुरखेड्याकडचे, वयानं माह्या पोरापेक्षा लहान. सोनू आता सातवीत हाय, तू पाह्यली तवा पहिलीत होती. गुरुजी खाटेवर बसले आनि म्हनाले, "आजी, मुलांना एक पाठ आहे. आपण रोज वेगवेगळ्या माणसांशी वेगवेगळ्या तऱ्हेनं बोलतो, त्याचा. घरी वेगळं, बाजारात वेगळं, कचेरीत वेगळं. मी फळ्यावर लिहून दिलं, पण मुलं सगळीकडे एकच लिहितात. आईला पाणी कसं मागाल, असं विचारलं, तर एकीनं लिहिलं, 'आदरणीय मातोश्री, कृपया मला प्यायला पाणी द्यावे, ही नम्र विनंती.'"

ते एक म्हंजे आमचीच सोनू! माही सून प्रेमिला कुडाच्या आडून ऐकत होती, तिनं तिथूनच बोंब मारली, "घरी तं म्हनते, पानी दे ना वं, का मरू मी!" सगळे पोट्टे हासले, सोनूनं वही तोंडावर घेतली.

गुरुजी म्हनाले, "तेच तर. म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही चाळीस वर्षं बाजारात बसलात, तलावावर राहिलात, मच्छीमार सोसायटीच्या साहेबांशी बोललात. तुम्ही शिकवा."

मी! चवथी पास! शहजादी, मी अशी फुगली, अशी फुगली का पदर कमी पडला असता. आधी दोनदा नाई म्हनलं, म्हनाच लागते. तिसऱ्यांदा त्यायनं इचारलंच नसतं तं, म्हनून लवकर हो म्हनलं.

आधी सगळ्यायले तलावाच्या पाळीवर नेलं. धुकं अजून बसलंच होतं. पल्याडचं जंगल दिसत नव्हतं, मोहाची दोन झाडं तेवढी अर्धी अर्धी. हे कुठी तरी मधात डोंग्यात होते. मी म्हनलं, पोट्टेहो, पयले पान्यावरची बोली शिका. पानी शब्द खाते. हाकेचं डोकं खाते, शेपूट खाते, मधातला लांब आवाज तेवढा पल्याड नेऊन ठेवते. म्हनून पान्यावर गोष्ट नाई सांगाची. पान्यावर फक्त हाक.

एकानं इचारलं, "आजी, आजोबाले काय हाक मारता?"

नाव तं मी तोंडानं घेत नाई, कागदावर लिहिते तेवढंच, तुले मालूम हाय. मी म्हनलं, मी तं नुसतं हूऽऽ करते. आनि केलं. आवाज धुक्यात गेला, गेला, दिसेनासा झाला. मंग लय दुरून, जसं कोनी झोपेतून बोलते, तसं आलं, "हूं." काय हासले वं! गुरुजीयनं वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं असन बाप्पा, हूं?

मंग सगळ्यायनं हाका मारल्या. कोनी आईले, कोनी गाईले, कोनी उगीच. त्यायच्यात एक पोट्टी होती, चैती. कुरखेड्याच्या वरच्या जंगलातल्या गावची, गोंडाची. इथी मामाकडं राहाते. मागं उभी, हात पाठीशी. गुरुजी माह्या कानात म्हनाले, "वर्ष झालं, वर्गात बोलली नाही. मराठी कमी समजते." मी तिच्या जवळ गेली, म्हनलं, पान्याले मराठी येत नाई बाई, तुले जे येते ते म्हन.

तिनं पाह्यलं माह्याकडं. मंग तोंडाशी हात धरले आनि म्हनलं, "यायोऽऽऽ". आपल्या मायले. त्यायच्यात मायले तसंच म्हनतात. शहजादी, तो आवाज काही ओरडल्यासारखा नव्हता. तो पान्यावर ठेवल्यासारखा होता, जसा दिवा ठेवते कोनी पानावर. तो सरकत गेला. बगळे उठले, चार-पाच, पांढरे, आवाज न करता. आनि मंग जंगलाकडून तोच आवाज वापस आला, थोडा मोठ्या बाईचा होऊन. जशी तिची माय तिकडं बसलीच होती, ऐकत. मले बी माही माय आठवली, जिले जाऊन तीस वर्षं झाली. किती वेळ उभे होतो काय माहीत, शिंगाडे करपले तवा वासानं भानावर आलो.

घरी आलो. करपले तं करपले, सोलून दिले, पोट्ट्यायनं खाल्ले. मंग मी बाकीच्या बोल्या दाखवल्या. डोंग्यातली, जिथं मासोळी पळू नये म्हनून बोटानंच बोलाचं, खोकलं तरी शिवी. साहेबाशी बोलाची, जिथं आपलं वाक्य लहान लहान होत जाते आनि मान मोठी मोठी हालते. नव्या सुनेशी बोलाची, तिले सांगाचं असते ते मांजरीले सांगाचं. प्रेमिला आतून म्हने, "मांजर मेली, तरी मलेच ऐकू येते." तान्ह्या लेकराशी बोलाची तं बोलीच नाई, ते नुसतं डुलनं हाय, तोंडानं डुलाचं.

मंग बाजार. मासोळीची टोपली घेतली, बसली. "ये वं माय, पाय, कल्ला उचलून पाय, लाल हाय का नाई, तुह्या ओठापेक्षा लाल हाय." पोट्टे गिऱ्हाईक झाले. एक पोट्टी तं अशी भाव करून राह्यली होती, मीच हारली तिच्यासमोर.

मंग सोनू बोलली. सोनू! "आजी, ते बोहनीचं भांडन दाखव ना."

आता तुले काय सांगाचं, पन पोट्ट्यायले सांगतलं ते तुले बी सांगते, कारन मले ते सांगून लय दिवस झाले. मी म्हनलं, आरमोरीच्या बाजारात नूर मोहम्मदभाऊचं चुड्यायचं दुकान होतं, आनि त्याच्या ओट्याच्या बाजूले माही टोपली. माही सासू आनि चुडीवालीची सासू, दोघीयनं ते सुरू केलं. बाजाराच्या दिवशी बोहनीच्या आधी एकमेकीले मनसोक्त शिव्या द्याच्या, सगळ्या बाजारानं ऐकल्या पाह्यजेत. घरच्याची शिवी आधी लागली का बाहेरच्याची नजर लागत नाई. एखाद्या बाजारी भांडन राह्यलं तं गिऱ्हाईकच म्हने, "आज काऊन चुप हा वं दोघी, तब्येत खराब हाय का?" सासवा गेल्या, मंग आमी दोघी. बत्तीस वर्षं.

पोट्टे म्हने, दाखवा. मी म्हनलं, एकटीनं कसं होईल, माही जोडीदारीन इथी नाई. तरी म्हने दाखवा. मंग मीच दोनी झाली. इकडं बसून सुगंधा, तिकडं उडी मारून शहजादी.

"आली का वं गिधाडीन! तुह्या वासानं माह्या चुड्या काळ्या पडून राह्यल्या!"

"काच विकतेस न् मले बोलतेस? तुही चुडी भरली का नवरी मांडवात पोचेपर्यंत हातात नुसता आवाज राह्यते!"

"तुही मासोळी मागच्या बाजारची हाय, तिले नातू झाले असतीन आता!"

"तुह्या नवऱ्याची दाढी अन् माह्या जाळ्याचे भोकं, दोनीत काहीच टिकत नाई!"

पोट्टे लोळले. गुरुजी चष्मा काढून डोळे पुसून राह्यले. इसरूची बकरी बी पाहून राह्यली. मले तं असं झालं का मी आरमोरीतच हावो, ओट्यावर ऊन आलं हाय, तुह्या चुड्यायवर पडून माह्या टोपलीवर लाल हिरवे ठिपके नाचून राह्यले हायत, आनि तू पदराआड हासून राह्यलीस. तोंड आपसूक चाललं. आनि चालता चालता ते बी निंघालं तोंडातून. शेवटचं.

"अन् तुही पोरगी फरहा! हातभर जीभ हाय तिची, सासूले दोन दिवसांत रडवन! कोन नेईल वं तिले?"

पोट्टे त्याच्यावर बी हासले. त्यायले काय माहीत. मी टोपली खाली ठेवली.

चैती हासली नाई. मागं बसली होती, ते पुढं सरकली आनि म्हनाली, तुटक तुटक मराठीत, "आजी, शेवटचं खोटं नव्हतं. शेवटचं खरं भांडन होतं."

गुरुजी म्हनाले, "चैती, तुला कसं कळलं?"

ते म्हने, "शब्द नाई समजले. आवाज खाली गेला."

शहजादी, वर्षभर न बोललेल्या पोट्टीनं पयलं बोलली ते हे. गुरुजी खुश झाले, पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या, सगळ्यायले लय आनंद झाला. मले बी झाला, खोटं नाई सांगत, त्या पोट्टीले जवळ घेतलं मी. पन टोपली काही मी परत उचलली नाई.

सहा वर्षं मी सगळ्यायले एकच सांगतलं. तुह्या घरच्यायले, माह्या घरच्यायले, देवाले बी. का मले काय माहीत पाव्हने आत बसले हायत, मी तं रोजच्यावानी बोहनीचं भांडली, पाव्हन्यायनं खरं समजलं, चहा ठेवून उठले, सोयरीक मोडली, माहं काय चुकलं.

मी चपला पाह्यल्या होत्या.

ओट्याच्या खाली. चार जोड, कोनाचे नाई आपल्या बाजारातले. एक सोनेरी पट्ट्यायची बाईची, दोन पॉलिशचे बूट. आनि तुहे ते चांगले कप, निळ्या काठाचे, जे तू माह्या पोराच्या लग्नात बी नाई काढून दिले. टोपली डोक्यावर होती तवाच मले समजलं का फरहाले पाहाले आले हायत. आनि तू मले सांगतलं नाई. जिले मी माह्या मांडीवर बसवून मासोळीचा काटा काढून भरवलं, तिले पाहाले आले, आनि मले मालूमच नाई. मी उभी राह्यली. माह्या अंगाले वास येते म्हनून नाई सांगतलं, असं मनात आलं. मंग तोंड उघडलं. सगळं रोजचंच बोलली, पन शेवटचं मी त्यायनं ऐकावं म्हनून बोलली. खोट्या भांडनाच्या पोटात खरं घालून दिलं. चोरानं धानात दगड घालावा तसं.

मंग मी आत येऊन सांगू शकत होती, का पाव्हनेहो, हा आमचा खेळ हाय. बाजारातल्या कोनालेही इचारा. एवढं म्हनली असती तं मिटलं असतं. मी टोपली उचलली आनि घरी आली. सकाळचे दहा बी नव्हते वाजले.

तू तवा पन भांडली नाई. भांडली असती तं बरं झालं असतं. पुढच्या बाजारी तू म्हनली, "या, बसा, चहा घेता का?" मले! मी आमच्या रीतीनं थाळीत मरळ आनली, तुह्या दाराशी ठेवली, न बोलता वापस गेली. आमच्यात भांडन मिटवाचं असंच, मासोळी ठेवाची आनि तोंड नाई उघडाचं, घेतली का मिटलं. माही थाळी वापस आली, घासलेली, वर साखर, आनि आकिबच्या हाती निरोप, "शुक्रिया, तकलीफ काऊन केली." मले समजलंच नाई ते मिटलं का आनखीन बंद झालं. मंग भाऊयनं आरमोरीचं दुकान बंद केलं, तुमी मूलले गेले. मी तुह्या रिकाम्या ओट्याच्या बाजूले दोन वर्षं बसली. गिऱ्हाईक इचारे, मी म्हने गावाले गेली हाय. मंग माहं बी मन उठलं, आता प्रेमिला जाते बाजारात.

लोक सांगतात फरहाचं लग्न नंतर कुरखेड्यात चांगलं झालं, मानूस चांगला हाय, आयत नावाची पोरगी झाली, तीन वर्षांची, बोलते लय. मी मनाले म्हनत होती, पाय, बरंच झालं ना शेवटी. पन जे बरं झालं ते तिच्या नशिबानं झालं, तिच्या सासरच्यायनं आपल्या चांगुलपनानं केलं. माह्यानं झालं ते वाईटच होतं. आनि त्या वर्षी ते पोरगी किती रडली असन, ते मले कोनी सांगतलं नाई, मी बी कधी इचारलं नाई.

काल एका पोट्ट्यानं जाता जाता इचारलं, "आजी, चूक झाली तं काय बोलाचं, ते राह्यलंच." गुरुजी बी थांबले, पेन काढून. शहजादी, एवढ्या बोल्या शिकवल्या, ते येतच नाई मले. मी म्हनलं, पुढच्या वेळी सांगन. रात गेली, सकाळी धुकं फिटेपर्यंत पाळीवर बसली, मंग सोनूची वही मागितली. ते म्हने, "कोनाले लिहितेस?" म्हनलं, सोड, पानं दे. तिनं चार पानं फाडून दिली, हे चवथं हाय.

माफ कर. मी जानून बोलली होती.

फरहाले बी मी सांगन, तिच्या समोर बसून, तू म्हनशील तवा. चिठ्ठीत नाई, ते आता मोठी हाय, तिले तोंडानं ऐकाचा हक्क हाय.

आनि एक. गुरुजीयनं म्हनलं, "आजी, दोघी असत्या तर किती छान झालं असतं, त्या येतील का?" पोट्टे सगळे, येतीन का, येतीन का. मी हो नाई म्हनलं. म्हनलं, इचारते. तं इचारून राह्यली. तू येशील का? पोट्टे येतीन त्याच्या आदल्या दिवशीच ये. मूलवरून गाडी पकड, आरमोरीले मी उभी राहीन, आकिबले सुट्टी घ्याले नको लावू, मी आनन तुले. आधी आपन दोघी पाळीवर जाऊ. तिथं तू माह्यासोबत खरं भांड. सहा वर्षाचं, पूर्न, काही ठेवू नको. मी मधात बोलनार नाई. तिथं कोनी राह्यत नाई, पानी तसंही शब्द खाते. मंग तुह्या मनात असन तं दुसऱ्या दिवशी पोट्ट्यायसमोर खोटं भांडू. नसन तं नको, तू नुसती खाटेवर बस, शिंगाडे खा.

आनि येनं झालंच नाई, तरी चिठ्ठीले उत्तर दे. दोन ओळीचं दे. पन त्याच्यात 'शुक्रिया' नको लिहू वं, शिवी लिही.

भाऊले सांग, खुशालभाऊनं 'हूं' म्हनलं हाय, लय मोठं 'हूं' होतं, तुमची आठवन काढली तवा. आयतचा मुका घे, कोनाकडून हाय ते सांगशील नाई तरी चालन.

तुही फट्ट्यावरची,
सुगंधा

पोट्टे मंगळवारी येतो म्हनून गेले हायत, सोळा तारखेले, सकाळी धुकं असतानाच.